उभ्या बसचा वेळ

पहाटे ४.४५

सोमवार म्हणजे लातूर. आठवड्यातले चार दिवस मी नांदेडातच शिकवते. सोमवारी आणि गुरुवारी लातूरला जाऊन अकरावीच्या मुलांना आणि रिपीटरच्या बॅचला भौतिकशास्त्र. भाकरी थापताना आज काय घ्यायचंय त्याची मनात उजळणी होते. आज आलेख. अंतर-काल आलेखावरून सरासरी चाल काढणे. तसं पाहिलं तर दहा मिनिटांचं काम : एकूण अंतर भागिले एकूण वेळ, खाली दोन रेघा, उत्तर. वीस वर्षं शिकवतेय, दहा मिनिटांत ते एकदाही आटोपलेलं नाही.

डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, कारळाची चटणी, वर कांदा. पिशवीत ग्राफ पेपरचा गठ्ठा, फूटपट्टी आणि एक पाठकोरी वही.

५.३०

तरोडा नाक्यावर ऑटो मिळतो. बसस्टँड इथून चारेक किलोमीटर. ऑगस्टचा पाऊस रात्री पडून गेलाय, रस्त्याला दिव्यांचे पिवळे पट्टे पडलेत. वही पिशवीतच आहे. ती बसमध्ये बसल्यावर उघडायची, असा माझा रिवाज.

६.००

बस हलली. वहीत पहिली ओळ : ६.०० – ०. म्हणजे घड्याळात सहा, अंतर शून्य. आजच्या तासासाठी ही बसच माझं उदाहरण आहे. पुस्तकातल्या गाड्या फार शहाण्या असतात. एकसमान चालीनं निघतात, एकसमान चालीनं पोचतात. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अमर, अकबर आणि अँथनी आपापल्या गाड्या घेऊन निघतात. त्यांतल्या अमरचे आकडे दर अर्ध्या तासाला सारखे वाढत जातात आणि अकबरचे कमीजास्त. मुलांना अमर आवडतो. पण लातूरची बस अकबरच्या वळणाची.

कंडक्टर मशीन घेऊन येतो. "ताई, अर्धं ना?" १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तिकीट टरकन फाडून हातात देतो. ते मी वहीत खूण म्हणून ठेवते.

६.१५

गोदावरीचा पूल मागे पडला. विष्णुपुरीच्या बाजूला रस्त्याच्या कडेनं पोरं पळताहेत, घामानं भिजलेले बनियन, हातात मोबाइल. पोलीस भरतीची तयारी. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं. त्यातलाच एक पोरगा पुढच्या थांब्यावर बसमध्ये चढतो, माझ्या पुढच्या सीटवर टेकतो आणि फोनवर कुणाला तरी सांगतो, "आज पाच-वीसनं बसलं."

पाच मिनिटं वीस सेकंद म्हणजे ३२० सेकंद. १६०० भागिले ३२०, सेकंदाला ५ मीटर. ताशी १८ किलोमीटर. मला हे तोंडपाठ करायची खोड आहे. पहिल्या फेरीत हा पोरगा जीव तोडून पळाला, तिसरीत धापा टाकत चालला आणि शेवटच्या दोनशे मीटरला पुन्हा सुटला, असंही झालं असेल. भरतीच्या घड्याळाला त्याच्याशी देणंघेणं नाही. शिट्टी वाजली कधी आणि रेघ ओलांडली कधी, एवढ्यावर गुण. सरासरी चालीवर नोकरी मिळण्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

विद्यापीठाची पाटी जाते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, स्थापना १७ सप्टेंबर १९९४. त्याचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे. 'लातूर पॅटर्न' या शब्दाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य तेच. म्हणजे नांदेडहून लातूरला शिकवायला जाणारी मी काही जगावेगळं करत नाही. लातूरहून नांदेडला आलेली माणसं आधीच होऊन गेलीत.

६.४८

लोहा. ३२ किलोमीटर. अंतराचे आकडे मी फोनवर बघून जवळच्या पूर्ण आकड्यात लिहिते. शाळेची मुलं चढतात, दुधाचे कॅन उतरतात. ६.५५ ला बस हलते. वहीत दोन ओळी होतात : ६.४८ – ३२ आणि ६.५५ – ३२.

ही दुसरी ओळ महत्त्वाची. नवीन मुलांना आलेख काढायला दिला की ती फक्त पोचल्याच्या वेळा लिहितात. निघाल्याच्या वेळा लिहिल्याच नाहीत तर आलेखात बस कुठं थांबलीच नाही असं दिसतं. टिंबं जोडणारी रेघ खोटं बोलत नाही, पण आपण न सांगितलेलं तिला कळतही नाही.

७.४३

अहमदपूर. ७२ किलोमीटर. ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करतो, कंडक्टर नोंदीला जातो, निम्मी बस चहाला. शेजारच्या सीटवरचे मामा मघापासून माझ्या वहीत डोकावत होते. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, बहुतेक कोर्टाचं काम.

"काय लिहायलाव, मॅडम?"

मी सांगते. बस किती वाजता कुठं होती त्याची नोंद. त्यावरून तासाला किती किलोमीटर पडले ते काढायचं.

"मग ही चहाची येळ कशाला धरता? बस तर उभी हाय."

"मामा, बस उभी आहे. घड्याळ उभं आहे का?"

मामा हसतात, पण पटलेलं नाही. त्यांच्या लेखी चाल म्हणजे चाक फिरतंय तेव्हाची. वर्गात साठातली चाळीस मुलंही हेच म्हणणार आहेत. प्रश्न फक्त त्यांना विचारता येत नाही, मामांना आला.

८.०० ला बस सुटली. सतरा मिनिटं.

८.३६

चाकूर, १०२ किलोमीटर. सोयाबीन गुडघ्याएवढं झालंय, मध्ये तुरीच्या ओळी. ८.४२ ला पुढे. आष्टामोडच्या पुढं रस्ता मोकळा लागतो.

९.३०

लातूर. १४०. वही मिटली. तिथून ऑटोनं तीनेक किलोमीटर, उद्योग भवनाच्या बाजूला. या भागाला सगळे ट्यूशन एरियाच म्हणतात. मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, होस्टेल. पाठीवर सॅक घेतलेली पोरं रस्ता भरून चालताहेत. ९.४२ ला क्लासच्या दारात. कोपऱ्यावरच्या गाड्यावर सुशीला आणि चहा. मुरमुऱ्याला फोडणी, वर शेंगदाणे, लिंबू. मराठवाड्यात पोह्यांना ही सख्खी स्पर्धक.

१०.३०

अकरावीची बॅच. बहुतेक मराठी माध्यमातून आलेली. दहावीपर्यंत 'चाल', 'वेग', 'त्वरण' शिकली, आता एकदम स्पीड, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन. घरी बोलताना 'वेग' म्हणजे नुसतंच जोरात जाणं आणि 'चाल' म्हणजे ऐट किंवा डाव. तीन भाषांत एकच शब्द तीन जागी बसतो, मग पोरं गडबडतात त्यात नवल काय.

"ॲव्हरेज म्हणजे काय?" मी सुरुवात करते.

मागून आवाज येतो, "साठ, मॅडम. स्प्लेंडरचं."

वर्ग हसतो. चूक कुणाचीच नाही. आपल्याकडं ॲव्हरेज म्हणजे लिटरमागं किलोमीटर. मी फळ्यावर लिहिते : एकूण अंतर भागिले एकूण पेट्रोल. मग पेट्रोल खोडते आणि तिथं 'वेळ' लिहिते. सिग्नलला गाडी चालू ठेवून उभे राहिलात तर पेट्रोल जळतं का? जळतं. ते ॲव्हरेजमध्ये धरता का? धरावंच लागतं. मामांना द्यायला हे उत्तर सकाळी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मग वहीतला तक्ता फळ्यावर. सहा वाजता ०. ६.४८ ला ३२, ६.५५ लाही ३२. ७.४३ आणि ८.०० ला ७२. ८.३६ आणि ८.४२ ला १०२. ९.३० ला १४०. प्रत्येकाला एक ग्राफ पेपर. आडव्या अक्षावर वेळ, १ सेंटिमीटरला १५ मिनिटं. उभ्या अक्षावर अंतर, १ सेंटिमीटरला १० किलोमीटर. साडेतीन तास म्हणजे १४ सेंटिमीटर, १४० किलोमीटर म्हणजेही १४. चौकोनी आलेख पडतो. हे प्रमाण मी मुद्दाम निवडलंय. त्यात एक सापळा आहे.

पंधरा मिनिटं फक्त पेन्सिलींचा आवाज. मी बाकांमधून फिरते. लोह्याचा थांबा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची आडवी रेघ. अहमदपूरचा चहा सेंटिमीटरहून थोडा जास्त, म्हणजे बारीक अकरा चौकोन. चाकूर चार. बाकीच्या चार रेघा तिरक्या. कुठली जास्त तिरकी ते डोळ्यांना दिसतं : लोह्यापर्यंत जरा मऊ, पुढं ताठ.

"चारही तुकड्यांची चाल काढा."

लोह्यापर्यंत ४८ मिनिटांत ३२, म्हणजे ताशी ४०. अहमदपूरपर्यंत ४८ मिनिटांत ४०, म्हणजे ५०. चाकूरपर्यंत ३६ मिनिटांत ३०, पुन्हा ५०. लातूरपर्यंत ४८ मिनिटांत ३८, साडेसत्तेचाळीस.

"आता सरासरी चाल?"

वर्गातून एकमुखानं : सेहेचाळीस पूर्णांक काहीतरी. चारांची बेरीज, भागिले चार, ४६.८८. सरासरी म्हटलं की बेरीज आणि भागाकार, हे शाळेपासून हाताला लागलेलं वळण.

मी म्हणते, फूटपट्टी घ्या. पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत सरळ रेघ मारा, मधली टिंबं विसरा. त्या रेघेचा चढ म्हणजे सरासरी चाल. १४० भागिले साडेतीन. चाळीस.

शांतता. सात किलोमीटर गेले कुठं?

ते गेले लोह्याच्या, अहमदपूरच्या आणि चाकूरच्या स्टँडवर. सात, सतरा आणि सहा मिळून तीस मिनिटं. चाक फिरत होतं ते बरोबर तीन तास. १४० भागिले तीन ४६.६७. पोरांचं ४६.८८ त्याच्या इतकं जवळ आलं म्हणून बरोबर होत नाही. तुकड्यांना लागलेला वेळ जवळपास सारखा होता, त्यामुळं चूक लपली. एखाद्या तुकड्याला दोन तास लागले असते तर ती उघडी पडली असती. चालींची थेट सरासरी काढायची असेल तर प्रत्येक चाल जेवढा वेळ टिकली तेवढं तिचं वजन धरायचं. आणि उभ्या बसची चालही एक चाल आहे : शून्य. तिलाही तिच्या वेळेचं वजन. तसं केलं की उत्तर पुन्हा चाळीसच.

आता सापळा. दुसऱ्या बाकावरच्या मुलानं कोनमापक काढलाय. तिरकी रेघ बरोबर ४५ अंशांची. "मॅडम, चढ म्हणजे टॅन थीटा. टॅन ४५ एक. मग चाल एक यायला पाहिजे."

याचीच वाट बघत होते. "उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला २० किलोमीटर घे आणि पुन्हा काढ." तो काढतो. रेघ आडवी पडते, सव्वीस-सत्तावीस अंश. "बस हळू झाली का?" तो मान हलवतो. बस सकाळीच लातूरला पोचलीय, कागदावर काहीही केलं तरी तिची चाल बदलत नाही. कोन कागदाचा असतो, चढ अक्षांवरच्या आकड्यांचा. कोनमापक दप्तरात जातो.

आणखी एक हात वर. "मॅडम, रेघ वर चढायलीय म्हणजे बस चढावर आहे ना?"

दरवर्षी हा प्रश्न येतो आणि दरवर्षी मी त्याला हसून उडवत नाही, कारण या रस्त्यापुरता तो खराही आहे. नांदेड गोदाकाठी, लातूर बालाघाटावर. दोन्हींच्या उंचीत अडीचशे मीटरहून जास्त फरक. पोरगं चुकीच्या वाटेनं खऱ्या गोष्टीला पोचलंय, अशी चूक सगळ्यात चिवट. म्हणून विचारते, "संध्याकाळी मी परत नांदेडला उतरणार. मोजलेलं एकूण अंतर कमी होईल की वाढेल?" "वाढेल." "मग बस घाट उतरताना रेघ कुठं जाईल?" तो हवेत बोट फिरवतो, बोट वरच जातं. तिथं त्याचं त्यालाच हसू येतं. अंतराची रेघ कधी खाली येत नाही. ती रस्त्याचं चित्र नाही, हिशेबाची वही आहे.

शेवटी एक मुलगा हळूच सांगतो की त्याचे काका पूर्ण्याला रेल्वेत आहेत आणि कंट्रोलच्या ऑफिसात असाच कागद असतो. बरोबर. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला ओळीनं स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघ आडवी म्हणजे गाडी उभी. एकेरी मार्गावर दोन गाड्यांच्या रेघा जिथं छेदतात तिथं स्टेशन असलं पाहिजे, नाहीतर घात. परीक्षेत चार गुणांचा हा आलेख, आणि तिथं तोच कागद बघून गाड्या सोडतात.

गृहपाठ : आज तुम्ही क्लासला आलात त्या प्रवासाचा आलेख. पाच वाजेपर्यंत टेबलावर.

१.००

डबा. मेस चालवणाऱ्या काकू ताक आणून देतात. त्यांच्या भिंतीवर पाण्याच्या टाकीला लावायचं कुलूप अजून खिळ्याला अडकवलेलं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यातलं. तेव्हा लातुरात पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्या-विहिरींभोवती जमावबंदी लागली होती.

त्यांना 'जलदूत' लख्ख आठवते. मलाही, कारण तिचं गणित मी दरवर्षी घालते. ११ एप्रिल २०१६ ला सकाळी अकराच्या सुमारास दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी भरून गाडी मिरजेहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास लातूरला लागली. ३४२ किलोमीटर, अठरा तास. ताशी १९. हाच मार्ग एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फूट रुंदीच्या रुळांचा, मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरपर्यंत.

"पोरं म्हणतात एवढी हळू?" काकू विचारतात.

म्हणतात. मग मी विचारते की ती धावताना ताशी १९ नं धावली असेल का? नाही. रस्ता मिळेपर्यंत उभी राहिली असेल, इंजिन बदललं असेल, पुन्हा निघाली असेल. १९ हा आकडा तिच्या काचेवर कुठंच दिसला नसेल. पण फलाटावर रात्र जागून काढलेल्या माणसांना तिची दुसरी कुठलीच चाल माहीत नव्हती.

२.३०

रिपीटरची बॅच. यांना मूळ गोष्टी येतात, म्हणून चुका जास्त बारीक असतात. यांना चाल-काल आलेख देते.

ऑटो सुटतो. पहिल्या दहा सेकंदांत चाल शून्यावरून सेकंदाला ८ मीटर. पुढं चाळीस सेकंद तीच. शेवटच्या दहा सेकंदांत पुन्हा शून्य. सरासरी? दोघंतिघं झटक्यात चार म्हणतात : शून्य अधिक आठ, भागिले दोन. हे सूत्र चाल सारख्या दरानं वाढत किंवा घटत असेल तेवढ्याच वेळेपुरतं चालतं. इथं मधला सपाट पट्टा आहे. या आलेखात रेघेचा चढ नाही, रेघेखालची जागा मोजायची. डावा त्रिकोण ४०, मधला आयत ३२०, उजवा त्रिकोण ४०. चारशे मीटर, साठ सेकंद. सेकंदाला ६.६७ मीटर, म्हणजे ताशी २४ किलोमीटर. ज्यांना क्षेत्रफळाचं सूत्र नको त्यांनी चौकोन मोजा. वेडीवाकडी रेघ आली तर शेवटी चौकोनच मोजावे लागतात.

मग गंजगोलाई. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात त्या गोल बाजाराला ऑटोनं एक पूर्ण फेरी मारली, तर विस्थापन शून्य, सरासरी वेग शून्य. सरासरी चाल मात्र शून्य नाही. ऑटोवाला भाडं अंतराचं घेतो, विस्थापनाचं नाही.

एकजण विचारतो, "मग खरी चाल कुठली? मीटरवरची का भागाकाराची?"

हा प्रश्न आपल्याकडं जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याच्या ग्रहगणिताच्या भागात आधी मध्यमाधिकार येतो, मग स्पष्टाधिकार. मध्यम म्हणजे सरासरी गती : चंद्र एका दिवसात सरासरी १३ अंश १० कला सरकतो. स्पष्ट म्हणजे आज तो प्रत्यक्षात किती सरकला. कधी बारा अंशांच्या आसपास, कधी पंधराच्या. आणि दिवसभरात बदलत जाणाऱ्या त्या गतीची या क्षणीची किंमत, तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटलं. पंचांग करणाऱ्याला दोन्ही लागतात. महिने मोजायला मध्यम, ग्रहणाला स्पष्ट. मीटर हा स्पष्ट, भागाकार हा मध्यम. कुठला खरा हे तुम्ही काय विचारताय त्यावर.

५.००

टेबलावर त्रेपन्न आलेख. बहुतेकांचं होस्टेल हाकेच्या अंतरावर. आठशे मीटर, बारा मिनिटं, एक रेघ. काहींनी मध्ये चहाची आडवी रेघ दिलीय आणि शेजारी कपाचं चित्र. मी लाल पेन चालवत जाते. अक्षावर एकक नाही, एक गुण. टिंबं मोठ्या मण्यांएवढी, शेरा. एकानं वेळेची रेघ मागं वळवलीय, त्याला लिहिते, "तू सव्वानऊला दोन ठिकाणी होतास?"

मग एक कागद येतो जो बाकीच्यांसारखा दिसत नाही. शनिवार-रविवार घरी जाऊन सोमवारी पहाटे परत येणारी मुलगी. गाव शिरूर ताजबंद आणि चाकूरच्या मधल्या एका फाट्यापासून आत. तिचा आलेख ५.१५ ला सुरू होतो. ५.५५ पर्यंत फक्त ३ किलोमीटर, जवळजवळ लोळलेली रेघ. शेजारी बारीक अक्षरात 'पायी'. मग एक तास सपाट, 'फाटा'. ६.५५ ला बस, ८.१५ ला लातूर, त्या ऐंशी मिनिटांत ४८ किलोमीटर. रेघ एकदम ताठ.

खाली तिनं उत्तर लिहिलंय. एकूण अंतर ५१ किलोमीटर, एकूण वेळ ३ तास, सरासरी चाल ताशी १७ किलोमीटर.

बसची चाल ताशी ३६ होती. तिनं ती काढलेलीही नाही, विचारलं नव्हतं. मी बरोबरची खूण करते आणि पेन तसंच धरून बसते. सकाळचा भरतीचा पोरगा १८. पाण्याची गाडी १९. ही १७.

७.००

रसायनशास्त्राच्या सरांची गाडी नांदेडला चाललीय, मी मागं बसते. रस्ता कोरडा, मध्ये कुठं थांबणं नाही. ९.२० ला पोचलो. १४० किलोमीटर दोन तास वीस मिनिटांत, ताशी ६०.

"जाताना चाळीस, येताना साठ," सर आरशातून म्हणतात, "तुमची आजची सरासरी पन्नास."

"अठ्ठेचाळीस."

सर गप्प होतात आणि पुढच्या सिग्नलपर्यंत मनात हिशेब करतात. २८० किलोमीटर, पाच तास पन्नास मिनिटं. हळू गेलेल्या वाटेला वेळ जास्त लागतो म्हणून तिचं वजन जास्त. "हो, अठ्ठेचाळीसच," ते म्हणतात, जरा नाराजीनं.

१०.१५

जेवण झालं, ओटा पुसला. उद्यासाठी वही काढली. सकाळचा आलेख मी स्वतःही काढून ठेवते, पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. १४ बाय १४, तिरकी रेघ, ताशी ४०.

त्या मुलीचा कागद पिशवीत आहे. तो शेजारी ठेवल्यावर माझा कागद कुठं चुकलाय ते दिसतं. मी सहाला सुरुवात केली, कारण बस सहाला निघाली. मी निघाले साडेपाचला. चार किलोमीटर ऑटोनं, मग स्टँडवर उभी. लातूरला उतरून आणखी तीन किलोमीटर, ९.४२ ला दारात. वर्गात जे शिकवते ते स्वतःच्या वहीला लावलं नव्हतं. पोरांना सांगितलं की उभ्या बसचा वेळ धरा. स्वतःच्या उभं राहण्याचा वेळ मात्र मी वही पिशवीत ठेवून वगळला होता.

शून्याच्या डावीकडं कागदावर दोन सेंटिमीटर जागा उरलेली आहे. तिथं नवं टिंब देते, ५.३०. अंतराचे सगळे आकडे चारानं वाढवते. उजवीकडं शेवटचं टिंब, ९.४२ ला १४७. चार तास बारा मिनिटं. पट्टी ठेवून नवी रेघ मारते. जुनीपेक्षा थोडी आडवी. ताशी ३५.

मुलीच्या कागदावर गुण द्यायचे राहिलेत. दहापैकी दहा देते. शेरा लिहायच्या जागी 'आलेखाची सुरुवात योग्य ठिकाणी' एवढंच लिहिते आणि गुरुवारच्या गठ्ठ्यात तो सगळ्यात वर ठेवते.